गोड्या पाण्याचं वजन

मल्हारी शेलार गावी आला की ‘कवा आलास’ असं त्याला कुणी विचारत नसे. ‘कवा निघणार?’ असंच विचारत. वडगाव रासाईच्या डेअरीवर, किराणा दुकानात, दाढीच्या दुकानात, सगळीकडे तोच प्रश्न. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. चोवीस वर्षं लांब पल्ल्याची गाडी चालवणारा माणूस गावात असतो तो दोन फेऱ्यांच्या मधे, हे लोकांना पाठ झालं होतं. त्याची बायको शितलसुद्धा तो चपला काढायच्या आत मुक्काम किती दिवसांचा ते विचारून घ्यायची, कारण त्यावर तिचं दळण, बाजार आणि माहेरी जाणं ठरायचं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मल्हारीला या सगळ्याचा वीट आला होता. कंबर गेली होती, ते चालण्यासारखं होतं. पण आपण घरात पाहुणे झालो आहोत आणि पाहुण्यासारखंच आपल्याला जेवायला वाढलं जातं, हे त्याला अलीकडे फार लागायला लागलं होतं. म्हणून एप्रिलमध्ये म्हस्कूनं, म्हणजे शितलच्या धाकट्या भावानं, शिरूरच्या शाळेची गोष्ट काढली तेव्हा त्यानं एका दमात हो म्हटलं. म्हस्कू त्या शाळेची एक बस चालवत होता. दुसऱ्या बसची जागा रिकामी होत होती. बस रात्री वडगावातच लावायची, सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्याची पोरं गोळा करत शिरूरला जायचं, संध्याकाळी परत. रविवारी सुट्टी. पोलिसांचा दाखला झाला, डोळ्यांची तपासणी झाली. राहिला एकच कागद. आधीच्या मालकाचं पत्र, की हा माणूस इतकी वर्षं माझ्याकडे होता, अपघात नाही, तक्रार नाही. शनिवारी बारा वाजेपर्यंत ते शाळेच्या ऑफिसात पोचायला हवं होतं. सोमवारी शाळा उघडणार होती.

मालक म्हणजे भांडगावचा विश्वजीत. वडील पोपटराव, घरातले आबा, एके काळचे सरपंच, सोसायटीत अजून वजन असलेले. महामार्गाला लागून त्यांची जमीन, तिच्या कोपऱ्यात ऑफिस, ऑफिसापुढे सहा ट्रक. त्यातले दोन फेब्रुवारीपासून जागेवरच उभे होते, कारण चालवायला माणूस मिळत नव्हता. विश्वजीत एकोणतीस वर्षांचा, बोलायला गोड. मल्हारीला तो कायम ‘मामा’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचा. पत्राचं विचारलं तेव्हा म्हणाला, “मामा, एवढा मुंद्र्याचा एक फेरा मारून या. पत्राचं काय, दोन वळी तर लिहायच्यात.”

तर मल्हारी कच्छमधल्या मुंद्र्याला गेला.

कच्छमध्ये ड्रायव्हर लोक डिझेलपेक्षा पाण्याची चिंता जास्त करतात. तिकडचं पाणी मचूळ. भात शिजवला तर पिवळा पडतो, डाळ शिजतच नाही, आंघोळ केली तर अंगावर पांढरा पापुद्रा धरतो. त्यामुळे गोडं पाणी दिसलं की गाडी थांबवून भरून घ्यायचं, हे हातापायांनाच माहीत असतं, त्यासाठी डोकं लागत नाही. बंदराजवळच्या ज्या यार्डातून अॅल्युमिनियमचं भंगार भरायचं होतं तिथं एक नळ होता, आणि त्याला गोडं पाणी होतं. गाडीचं रिकामं वजन काट्यावर झालं. पुढं भराईसाठी रांग होती, तासभर तरी लागणार होता. मल्हारीनं पाइप लावला, गाडीच्या बाजूची एकशेवीस लिटरची टाकी काठोकाठ भरली, मग केबिनमागचे पस्तीस लिटरचे दोन कॅन भरले. मग भंगार भरलं, ताडपत्री आवळली, रश्श्या बांधल्या, आणि भरलेल्या गाडीचं वजन करून, पावती खिशात घालून तो निघाला.

चूक झाली ती इथं, आणि ती त्याला पाच दिवस कळली नाही.

तीन दिवसांत हजार किलोमीटर झाले. बुधवारी सकाळी तो सणसवाडीला त्या कारखान्याच्या गेटवर पोचला. भंगार वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओतणारा कारखाना. बाहेर रस्त्याकडेला बारा-पंधरा गाड्या आधीच उभ्या होत्या. लायसन्स आणि गाडीचे कागद गेटवरच्या खिडकीत जमा करायचे आणि नंबर येईपर्यंत बाहेर थांबायचं, असा तिथला नियम. आत जायला सेफ्टी बूट लागत. समोरच्या चहावाल्यानं आठ जोड ठेवले होते आणि तो ते भाड्यानं द्यायचा. संडास आतल्या कामगारांसाठी होता. ड्रायव्हर लोकांनी काय करायचं हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. सगळे पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये जात, आणि प्लॉटचा रखवालदार शिव्या घालत असे.

पाण्याचा नळ नव्हताच. मल्हारीच्या टाकीत गोडं पाणी आहे हे कळल्यावर लोक बाटल्या घेऊन यायला लागले. त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडकडच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं चार दिवस अंगावर पाणी घेतलं नव्हतं, त्याला त्यानं गाडीच्या आडोशाला बसवून बादलीभर पाणी दिलं. आंघोळ झाल्यावर म्हातारा म्हणाला, “भैया, आज आदमी लग रहा हूँ.” गुरुवारी संध्याकाळपर्यंत टाकी आणि कॅन दोन्ही कोरडे झाले. शुक्रवारी सकाळी साडेनऊला नंबर लागला.

आतल्या काट्यावर ज्ञानेश नावाचा शिरूरचा तरुण बसायचा. त्यानं भरलेलं वजन घेतलं, भंगार उतरल्यावर रिकामं वजन घेतलं, एकातून दुसरं वजा केलं आणि मुंद्र्याच्या पावतीशी ताडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पावतीवर माल होता तेवीस हजार पाचशे नव्वद किलो. उतरला तो तेवीस हजार चारशे. पन्नास किलोपर्यंतची तूट कंपनी धरत नसे. ही एकशे नव्वद होती.

“मामा,” तो हळू आवाजात म्हणाला, “वाटेत कुठं काय उतरवलं का?”

मल्हारीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचे कान तापले. चोवीस वर्षांत त्यानं साखर नेली, तांब्याची तार नेली, एकदा मोबाइल नेले, आणि हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं ताडपत्री दाखवली, रश्श्यांच्या गाठी कशा होत्या ते उतरवणाऱ्या हमालांना विचारा म्हणाला. ज्ञानेशनं खांदे उडवले आणि स्टोअरच्या साहेबांना फोन लावला.

साहेब म्हणजे दाभाडे. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल. त्यानं मल्हारीला बसायला सांगितलं नाही. मुंद्र्याच्या यार्डला स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला की आमच्याकडून पूर्ण माल गेला, पावती बघा, आणि फोन ठेवला. दाभाडेनं मल्हारीकडे पाहून भुवया उंचावल्या. मग तो म्हणाला की बाहेर जाऊन आठव, आठवलं की ये.

मल्हारी गाडीपाशी येऊन पायरीवर बसला. आठवायला काही नव्हतंच. पाणी प्यावं म्हणून त्यानं मागचा कॅन ओढला, तो फुलासारखा हलका हातात आला, आणि तिथंच त्याच्या डोक्यात उजेड पडला. पस्तीस आणि पस्तीस सत्तर. टाकीचे एकशेवीस. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. रिकाम्या गाडीचं वजन झालं तेव्हा पाणी नव्हतं. भरलेल्या गाडीचं झालं तेव्हा होतं. मुंद्र्याच्या काट्यानं त्याचं पाणी अॅल्युमिनियम म्हणून मोजलं होतं. जो माल कमी आला म्हणून हे लोक बोंबलत होते, तो माल गाडीत कधी चढलाच नव्हता. त्याचा भात शिजला होता, आणि त्या म्हाताऱ्यानं त्यात आंघोळ केली होती.

तो जवळजवळ पळतच काट्यावर गेला. ज्ञानेशला त्यानं एकदा सांगितलं, ज्ञानेशनं कागदावर आकडे मांडले आणि त्याचाही चेहरा उजळला. “मामा, बरोबर बसतंय हे,” तो म्हणाला. “लई बरोबर.” दोघं दाभाडेकडे गेले. मल्हारीनं एकच विनंती केली. आतल्या बागेच्या पाइपनं माझी टाकी आणि कॅन भरू द्या आणि गाडी पुन्हा काट्यावर घ्या.

दाभाडेला बहुतेक गंमत वाटली. करा म्हणाला, बघू तरी.

टाकी भरायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर उतरवणारे हमाल, दोन सुरक्षा रक्षक आणि ऑफिसातली दोन माणसं जमली. मल्हारीनं गाडी काट्यावर घेतली, इंजिन बंद केलं आणि मघाच्यासारखाच खाली उतरून बाजूला उभा राहिला. मघाचं रिकामं वजन होतं दहा हजार सहाशे चाळीस. लाल आकडे थरथरले आणि थांबले. दहा हजार आठशे तीस. बरोबर एकशे नव्वद जास्त. एक हमाल हसला आणि त्यानं मल्हारीच्या पाठीवर थाप मारली.

मल्हारी दाभाडेकडे बघत होता. दाभाडे आकड्यांकडे बघत होता. मग तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे पाण्याचा खेळ तुला येतो.”

“खेळ न्हाई साहेब, चूक झाली माझी.”

“हे बघ. पाणी भरून काटा करायचा आन् नंतर सोडून द्यायचं, ही ट्रिक आम्हाला नवीन न्हाई. गेल्या वर्षी एकाला धरला होता असाच. तू आत्ता दाखवलंस की टाकीत किती पाणी मावतं. मुंद्र्याला ते कधी भरलंस, ते कुठं दाखवलंस?”

“तिथं क्यामेरा आसंल की, साहेब. त्यांना विचारा.”

“त्यांना एकशे नव्वद किलोचे पैसे जास्त मिळालेत. ते देतील होय तुला क्यामेरा?”

जमलेली माणसं एकेक करून पांगली. ज्यावरच्या हिशोबानं मघाशी ज्ञानेश खूश झाला होता, तो कागद त्यानं घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढची गाडी काट्यावर घेतली. मल्हारीला त्याचा राग आला नाही. त्या पोराला नोकरी करायची होती. पण पाणी भरून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं, हे त्याला कळून चुकलं. सकाळी तो नुसता संशयित होता. आता तो जाणकार ठरला होता.

दाभाडेनं पुढं काय ते स्पष्ट सांगितलं. कंपनीचा तुटीचा एक छापील फॉर्म होता. त्यात कारणाचे तीन रकाने. माल वाटेत सांडला, माल ओला होता तो वाळला, ड्रायव्हरने वाटेत विकला. ताडपत्री शाबूत, म्हणजे सांडला नाही. अॅल्युमिनियम काही कापूस नव्हे की पाणी पिऊन बसेल. उरला तिसरा. चौथा रकाना नव्हता. तिसऱ्यावर खूण करून ड्रायव्हरनं सही केली की कंपनी तूट भाड्यातून कापून घेणार, विषय बंद, लायसन्स हातात. सही करायची नसेल तर सर्व्हेअर येऊन पाहणी करेपर्यंत गाडी आणि लायसन्स दोन्ही इथंच. सर्व्हेअर बुधवारी येतो.

बुधवारी. मल्हारीला शनिवार दिसत होता आणि त्यामागचा सोमवार. त्यानं विश्वजीतला फोन लावला.

विश्वजीत दोन तासांत आला. आधी आत जाऊन दाभाडेबरोबर चहा प्यायला, मग बाहेर येऊन मल्हारीला गाडीच्या सावलीत घेऊन गेला. मल्हारीनं नळापासून काट्यापर्यंत सगळं सांगितलं. विश्वजीतनं मधे एकदाही तोडलं नाही. बोटांवर बेरीज केली, मान हलवली.

“मामा, मला पटलं. शंभर टक्के असंच झालंय.”

मल्हारीच्या छातीवरचा दगड उतरला. तो चाकाला टेकला.

“आता सही करून टाका,” विश्वजीत म्हणाला.

“तुम्हाला पटलंय आन् तरी सही करू?”

“मला पटून काय उपयोग? दाभाड्याला त्याच्या फॉर्मात बसवायचंय. उद्या दुपारी कुरकुंभला माल तयार हाय, गाडी बुधवारपर्यंत हितं उभी ठेवून कसं चालंल? आन् तुमचंच बघा की. बुधवारपर्यंत लायसन्स हितं आडकलं तर सोमवारी बसवर बसणार कसं? आत्ता सही केली तर रात्री घरी असाल.”

मल्हारीनं विचारलं की या कागदाचं पुढं काय होतं. विश्वजीत म्हणाला की काही होत नाही, फाइलीला लागतो आणि उंदरं खातात. सणसवाडीच्या फाइलीचा शिरूरच्या शाळेशी काय संबंध.

खरं धरून बसलं तर सोमवार जात होता. खोटं लिहून दिलं तर सोमवार मिळत होता. यात कुठंतरी गफलत आहे असं मल्हारीला वाटत होतं, पण ती सापडत नव्हती. शेवटी तो आत गेला, तोवर दाभाडेनं तिसऱ्या रकान्यावर स्वतःच खूण केली होती. मल्हारीनं सातवीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. त्याचा फोटो काढला गेला. लायसन्स मिळालं. गाडी भांडगावला लावून तो मिळेल त्या वाहनानं घरी पोचला. शितलनं पत्राचं विचारलं, तर म्हणाला, उद्या सकाळी मिळतंय.

शनिवारी नऊ वाजता तो भांडगावच्या ऑफिसात हजर होता. ड्रायव्हरवाचून अडलेले ते दोन ट्रक जागेवरच होते. त्यांच्या चाकांच्या बुडाशी गवत उगवलेलं होतं. आत पोपटराव खुर्चीत पेपर वाचत बसले होते. विश्वजीत कॉम्प्युटरवर काहीतरी करत होता. मल्हारीसाठी चहा मागवला गेला.

पत्राचा विषय मल्हारीनंच काढला. विश्वजीतनं खुर्ची फिरवली. तो नेहमीसारखाच मऊ बोलत होता. म्हणाला, मामा, काल रात्री झोप आली नाही मला या विचारानं. पत्रात ‘तक्रार नाही’ असं लिहायचं, आणि तिकडं कंपनीकडं तुमच्या सहीचा कागद. शाळा म्हणजे लोकांच्या लेकरांचा मामला. उद्या काही झालं, कुणी चौकशी केली, तर खोटं पत्र दिलं म्हणून मी अडकणार. घरात आबांचं नाव हाय. मला लिहिता येणार नाही.

मल्हारीला वाटलं, आपण नीट ऐकलं नसावं. “काल तर तुम्ही म्हणलात, त्याचा हिकडं संबंध न्हाई.”

“काल घाईत बोललो मामा. पण तुम्ही काळजी करू नका. दुसरा कुणी आसता तर मी चावी काढून घेतली आसती. गाडी तुमचीच हाय. तुम्ही चोर न्हाई हे मला ठावं हाय.”

“मग तेवढंच लिवून द्या की.”

“लिवून कसं देऊ? सही तुमची हाय.”

पोपटरावांनी पेपर खाली केला. त्यांनी मल्हारीकडे न बघता मुलाला सांगितलं, “पगार वाढव त्याचा हजारानं. आसा माणूस सोडायचा नसतो.” आणि पेपर पुन्हा वर घेतला. पोपटरावांच्या मनात कपट नव्हतं. ते खरंच कौतुक करत होते.

तेव्हा मल्हारीला कालपासून न सापडणारी गफलत सापडली. विश्वजीतनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता, अगदी मनापासून, आणि म्हणूनच तो त्याला सोडणार नव्हता. चोर असता तर पत्र सहज मिळालं असतं, जा बाबा म्हणून. आता तो कागद सणसवाडीत होता तोवर दुसरा कुणी मालकही त्याला घेणार नव्हता. काल गाडीच्या सावलीत विश्वजीतनं बोटांवर बेरीज केली होती, ती पाण्याची होती की आणखी कशाची, हे आता विचारण्यात अर्थ नव्हता.

त्याला उठून जाता आलं असतं. चावी टेबलावर टाकून, महामार्गावर उभं राहून, येईल त्या गाडीनं. पण जाऊन काय करायचं, हा प्रश्न दारातच आडवा आला. घरी दोन एकर आणि त्यात तीन भाऊ. त्यानं चहा संपवला. कप उपडा घातला आणि बाहेर आला.

साडेदहाला म्हस्कूचा फोन आला. ऑफिस बाराला बंद होतं, मॅडम दोनदा विचारून गेल्या, दाजी कुठपर्यंत आलात? मागं शाळेच्या आवारात बसचे हॉर्न वाजवून बघत होते.

काय झालं ते मल्हारी सांगू शकला असता. म्हस्कू घरचाच होता. पण सांगायचं म्हटलं तर सही केली हे सांगावं लागणार. पाण्याची गोष्ट कितीही समजावली तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात सहीच राहणार, आणि ती म्हस्कूच्या तोंडून शिरूरला आणि शिरूरहून वडगावच्या डेअरीवर पोचणार.

“म्हस्कू,” तो म्हणाला, “मीच नको म्हणलं.”

“काय नको म्हणलं?”

“बस. पोरांचा कालवा डोक्याला सोसायचा न्हाई. मालकानंबी पगार वाढवलाय.”

मग म्हस्कू बोलला, आणि त्याचा आवाज बदलला होता. “मी हितं दोन महिनं लोकांच्या पाया पडलो दाजी, तुमच्यासाठी. सरळ सांगायचं आधी. तुम्हाला रस्त्याची चटक लागलीय, घर नकोच हाय तुम्हाला. ताई म्हणायची, मला खरं वाटत नव्हतं.”

“आसंल तसं.”

“ताईला काय सांगू?”

“हेच सांग. माझंच मन न्हाई म्हणून सांग.”

फोन बंद झाला. चोवीस वर्षांत मल्हारी कुणाच्या मालाला शिवला नव्हता आणि बायकोशी खोटं बोलला नव्हता. दोन दिवसांत दोन्ही त्याच्या नावावर लागलं होतं, पहिलं न करता आणि दुसरं करून. विश्वजीत दारात येऊन उभा होता, हातात कुरकुंभच्या मालाच्या वाहतुकीचा कागद, बिल्टी. मामा, ऊन डोक्यावर यायच्या आत निघालात तर बरं, असं तो अगदी काळजीनं म्हणाला. मल्हारीनं बिल्टी घेतली, वाचली, आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली.